हावोदवर हॉट टब चढवला त्याची हकिगत

वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत हॉट टब या वस्तूशी माझा संबंध एवढाच होता, की मी ती नाकारत असे. म्हणजे कागदावर. डोंगर-उद्यानाच्या बांधकाम परवाना कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात माझ्या टेबलावरून अठ्ठावीस हॉट टब आल्या वाटेने परत गेले. एकाही टबाला मी कधी हात लावला नव्हता, पण माझं मत पक्कं होतं. डोंगरात यावं, चालावं, भिजावं, घरी जावं. गुडघाभर बुडबुड्यांत बसून डोंगराकडे बघणं म्हणजे आंघोळ करता करता पाहुण्यांना भेटण्यासारखं आहे.

असा मी, गोरोन्वी प्रिचर्ड, एके दिवशी स्वतःच्या फोनवर स्वतःच्या तोंडाने टबाची ऑर्डर देऊन बसलो. त्याला कारण हावोद.

हावोद हे माझ्या बायकोचं, मेन्नाचं, माहेर. कुम तेगाईच्या खोऱ्यात, रस्ता संपतो त्याच्याही पुढे, दोन खोल्या खाली आणि दोन वर असं दगडी घर. घर मेन्नाचं आणि तिच्या भावाचं, आर्वेलचं, निम्मं निम्मं. आर्वेल चेस्टरला दातांचा डॉक्टर आहे. किडलेलं दिसलं की उपटायचं, हा त्याचा स्वभावच होऊन गेलाय. ‘घर विकून टाकू,’ तो म्हणाला, ‘कुणी राहत नाही, कुणी येत नाही.’ मेन्नाने ताटातला बटाटा इतका बारीक केला, की मला तिची काळजी वाटली. खोऱ्यात सात घरं, त्यातल्या चारांत हिवाळ्यात दिवा लागत नाही. त्यातलंच एक आपलं माहेर, ते कायमचं अंधारात गेलेलं तिला बघायचं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: सुट्टीला येणाऱ्यांसाठी कॉटेज म्हणून घर चालवून बघायचं. पहिले पाहुणे खूश होऊन गेले, तर आर्वेल विकायचं नाव काढणार नाही. नाही गेले, तर मेन्नाने मुकाट्याने सही करायची.

मी जाहिरात दिली. ‘शांतता, झरा, खिडकीतून साक्षात डोंगर.’ फोन पुष्कळ आले.

“हॅलो, हॉट टब आहे का?”

“झरा आहे,” मी म्हणे.

“गरम?”

“नाही, पण अतिशय स्वच्छ आहे.”

खट्. असे एकोणीस फोन झाले. विसाव्या बाईंनी तर आधी टबाचं विचारलं, मी नाही म्हटल्यावर “अरेरे” म्हणाल्या, आणि माझी तब्येत कशी आहे ते विचारून मग फोन ठेवला.

“गोरोन,” मेन्ना म्हणाली, “टब बसव.”

“मी? ज्या हातांनी मी अठ्ठावीस अर्ज—”

“त्याच हातांनी. दुसरे कुठून आणणार?”

नवराबायकोतल्या चर्चेत एक क्षण असा येतो, की पुढचं वाक्य आपण बोलायचं नसतं. तो ओळखायला मला छत्तीस वर्षं लागली आहेत. मी ओळखला.

बातमी दुसऱ्या दिवशी खोऱ्यात पसरली. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिला आला वरच्या शेतावरचा इडवल. इडवलकडे सहाशे मेंढ्या आहेत आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो मेंढ्यांच्या बाजूने देतो.

“टब घेतोयस म्हणे.”

“घेतोय.”

“माझ्याकडे आहे की एक. मेंढ्या औषधात बुडवायचा हौद. वर्षातून दोनदा बुडवतो. बाहेर येताना एकीचाही चेहरा खूश नसतो.”

“तो थंड असतो, इडवल. हा गरम आहे.”

“म्हणजे त्या जास्तच ओरडल्या असत्या,” इडवल म्हणाला आणि कुत्र्याला शीळ घालून निघून गेला.

दुसरी आली डिलिस. डिलिस आमच्या चॅपेलची चिटणीस, ऑर्गन तीच वाजवते, गाणाऱ्यांना तीच झापते, आणि चहाच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असतात.

“टबाचं तोंड कुणीकडे?” तिने विचारलं.

“टबाला तोंड नसतं, डिलिस. गोल असतो तो.”

“बसणाऱ्यांना असतं ना? चॅपेलच्या तिसऱ्या खिडकीतून हावोदचं अंगण सरळ दिसतं. प्रवचन चालू असताना लोकांनी कुठे बघायचं?”

“प्रवचनकाराकडे.”

डिलिसने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी आमच्या प्रवचनकारांना कधी बघितलेलंच नाही. पण विरोध नव्हता हं तिचा. “मला काय करायचंय,” असं ती तीनदा म्हणाली आणि टब कुठे ठेवावा, कुंपण किती उंच असावं, कुंपणाला कोणती वेल लावावी, हे सगळं सांगून गेली. मग पोस्टमन म्हणाला, दक्षिणेला ठेवा, ऊन मिळेल. इडवल परत येऊन म्हणाला, उत्तरेला ठेव, वारा लागणार नाही. अंगणात मी खडूने काढलेल्या वर्तुळांची संख्या पाचावर गेली तेव्हा मेन्नाने खडू काढून घेतला.

परवानगी लागेल असं मला वाटलंच नव्हतं. नियम मला पाठ होते. लोकांना पत्ता विचारला तर रस्ता आठवतो, मला कलम आठवतं. टब ही हलवता येणारी वस्तू, बांधकाम नव्हे, सबब परवाना नको. हे मी बायकोला जेवताना ऐटीत समजावलं, आणि रात्री अंथरुणात ताडकन उठून बसलो. मला माझंच परिपत्रक आठवलं.

झालं होतं असं, की वीस वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने गुरांच्या पाण्याचा हौद भडक जांभळा रंगवला. त्याला आवरायला मी परिपत्रक काढलं: जुन्या दगडी घरापासून तीस पावलांच्या आत हजार लिटरहून मोठं कोणतंही भांडं ठेवायचं असेल तर अर्ज करावा. माझा टब बाराशे लिटरचा होता.

कार्यालयात माझ्या खुर्चीवर आता नेस्टा बसते. ती तिथे लागली तेव्हा पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून सगळं मी शिकवलेलं. मला बघून ती उठून उभी राहिली, चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाली, “मिस्टर प्रिचर्ड, अर्ज करावा लागेल.”

“अगं, टब म्हणजे भांडं नव्हे.”

“पान चार, तळटीप दोन. ‘भांडं म्हणजे ज्यात पाणी राहतं ते.’ तुमच्याच सहीचं आहे.”

“तळटिपा कोण वाचतं, नेस्टा?”

“तुम्हीच म्हणायचात, न वाचणाऱ्याला परवाना देऊ नकोस.”

चांगलं शिकवल्याचा इतका पश्चात्ताप मला आयुष्यात कधी झाला नव्हता. अर्जाचा नमुनाही माझाच. अकरा पानं. आठव्या पानावर ‘प्रस्तावित वस्तूमुळे डोंगराच्या मनःशांतीवर होणारा परिणाम’ असं शीर्षक होतं आणि खाली दोन ओळी सोडल्या होत्या. हे मी कोणत्या मनःस्थितीत लिहिलं असेल ते मला आठवेना. दोन दिवस विचार करून मी ‘होणार नाही’ असं लिहिलं. नेस्टाने अर्ज परत पाठवला. ‘कृपया सविस्तर लिहावे.’

मग वटवाघळं. टबाच्या दिव्याने वटवाघळांना त्रास होईल का, याचा दाखला लागतो. कार्डिफहून एक तज्ज्ञ बाई आल्या. दोन संध्याकाळी हावोदच्या अंगणात खुर्ची टाकून, कानाला यंत्र लावून बसल्या. वटवाघूळ एकही नाही. आम्ही खूश, बाई हिरमुसल्या. त्यांना एवढ्या लांबून रिकाम्या हाताने जावं लागू नये म्हणून मी माणुसकीने, खोऱ्यात खाली आम्ही राहतो त्या घरी चहाला बोलावलं. बाईंनी दारातच यंत्र लावलं आणि आनंदाने टाळी वाजवली. आमच्या घराच्या छपरात त्रेचाळीस वटवाघळं निघाली. टबाला दाखला मिळाला, आणि वटवाघळांची झोप मोडू नये म्हणून माझ्या गळक्या छपराच्या दुरुस्तीला पुढल्या वसंतापर्यंत बंदी झाली.

परवाना आला. अटी अकरा. झाकणाचा रंग आसपासच्या दगडाशी मिळताजुळता हवा, ही सातवी अट. मी नमुन्याचा दगड घेऊन रंगवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, “दगड कोरडा असतानाचा रंग हवा की ओला असतानाचा?” आमच्याकडे दगड कोरडा असतो कधी? आणि याच सुमारास माझ्या कानावर पडलं, की खोऱ्यात माझं नाव बदललं आहे. एकतीस वर्षं मी ‘परवाना-गोरोन’ होतो. त्या नावात कौतुक नव्हतं, पण वजन होतं. आता चॅपेलच्या दारात कुणीतरी हळूच म्हणालं, “टब-गोरोन आला बघ.” मी मान ताठ ठेवून आत गेलो आणि चुकीच्या बाकावर बसलो.

टब जूनच्या एका गुरुवारी आला. गुरुवार हा गावच्या बाजाराचा दिवस, सगळं खोरं मेंढ्या घेऊन खाली उतरतं. हे खोऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. फक्त ट्रक ज्या शहरातून निघाला तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. चॅपेलच्या वळणावर दोन्ही बाजूंनी दगडी भिंती आहेत. ट्रक भिंतींच्या मधे घुसला, टब किंचित तिरका झाला, आणि दोन्ही भिंतींना टेकून असा बसला, की जणू रस्ता त्याच्या मापानेच बांधला होता. वरून, आजूबाजूच्या डोंगरांवरच्या शेतांतून, मेंढ्यांच्या नऊ गाड्या आल्या आणि थांबल्या. नऊ शेतकरी खाली उतरले. नऊ शेतकरी आणि एक अडकलेली वस्तू एकत्र आली, की बाजार रद्द झाल्याचं दुःख कुणाला होत नाही.

“साबण लावा,” एक म्हणाला.

“कशाला? टबाला की भिंतीला?”

“ड्रायव्हरला लावा,” तिसरा म्हणाला. “कसा आत शिरला बघा तरी!”

ड्रायव्हर गरीब माणूस होता. तो नकाशाचा फोन सगळ्यांना दाखवत फिरत होता. “यात रस्ता दिसतोय हो,” तो म्हणत होता.

“भिंतीतले चार दगड काढले की झालं,” इडवल म्हणाला.

“खबरदार!” मी ओरडलो. “जुन्या भिंतीचा दगड काढायला परवानगी लागते.”

“कुणाची?”

मी नेस्टाच्या कार्यालयाच्या दिशेने हात केला.

“गोरोन,” इडवल शांतपणे म्हणाला, “माझ्या मेंढ्या तरुण असताना विकाव्यात अशी माझी इच्छा आहे.”

त्याने ट्रॅक्टर आणला. पुढच्या लोखंडी हातांनी टब पट्ट्यांसकट वर उचलला, भिंतीच्या वरून पलीकडे घेतला, आणि स्वतःच्या शेतातून डोंगर चढायला लागला. टब उलटा होता. एखाद्या अजस्र माणसाची टोपी हवेतून चालल्यासारखा तो हळूहळू वर जात होता. मागून मी, माझ्या मागून डिलिस, तिच्या मागून पोस्टमन आणि नऊ शेतकरी. मिरवणुकीत पुढे काय आहे ते न दिसल्यामुळे एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. त्याला वाटलं कुणी गेलं. “कोण हो?” त्याने विचारलं. “टब-गोरोन,” कुणीतरी म्हणालं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून हळहळून मान हलवली.

टब जागेवर बसला. आता पाणी. झऱ्याचा नळ मी शुक्रवारी संध्याकाळी टबात सोडला आणि निवांत झोपलो. शनिवारी दुपारी चॅपेलमध्ये गायनाचा मेळावा होता, साठ माणसं आणि वर चहा. तीन वाजता डिलिस हावोदच्या अंगणात आली. हातात चॅपेलची सगळ्यात मोठी किटली. तिने झाकण काढलं आणि किटली माझ्या डोळ्यांसमोर उलटी धरली. एक थेंब पडला नाही.

“तो झरा,” डिलिस म्हणाली, “चार घरांना आणि एका चॅपेलला पुरतो. वर एका सरोवराला पुरत नाही.”

मी बादल्या भरभरून टबातलं पाणी चॅपेलला पोचवलं. आठ खेपा. टबात अजून कुणी बसलेलं नव्हतं, पाणी काचेसारखं होतं, पण प्रत्येक खेपेला डिलिसने “नक्की ना?” असं विचारलं. आठव्या खेपेला साठ माणसं कप हातात घेऊन माझी वाट बघत होती, आणि खालच्या पट्टीत गाणाऱ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचेही प्रकार असतात.

अकराच्या अकरा अटी पुऱ्या होईपर्यंत उन्हाळा सरला. पहिलं बुकिंग लागलं ते सप्टेंबर अखेरच्या शनिवारचं: वुल्व्हरहॅम्प्टनच्या चौघीजणी. फोन करणारीचं नाव बेरिल, आवाज खणखणीत. “आम्ही चौघींनी तीस तीस वर्षं बस चालवली,” ती म्हणाली. “गाव सगळं पाठीमागे बसायचं, आम्ही पुढे बघत राहायचो. आता मला नवा गुडघा बसवलाय. डॉक्टर म्हणतो गरम पाणी चांगलं. मी म्हटलं, तर मग डोंगरात.”

आर्वेल म्हणाला, “मीही येतो त्या दिवशी. डोळ्यांनी बघू दे.” म्हणाला प्रेमाने, पण दातांचे डॉक्टर ‘जरासं दुखेल’ हेही प्रेमानेच म्हणतात.

शुक्रवारी वादळ आलं. रात्रभर आमच्या छपरातली वटवाघळं आणि मी जागे होतो. शनिवारी सकाळी मी हावोदला गेलो, टब चालू केला. पाणी गरम होऊ लागलं. वीस अंश. तेवीस. सव्वीस. अकरा वाजता टबातून ‘हुं’ असा एक आवाज आला, एखाद्याने वाद घालायचं सोडून द्यावं तसा, आणि सगळं बंद पडलं. खोऱ्यातली वीज गेली. वीज कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, आज येईल बहुतेक. ‘बहुतेक’ या शब्दावर एकतीस वर्षं मी स्वतः लोकांना जगवलं होतं, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळला.

बारा वाजता आर्वेल चालत वर आला. चॅपेलच्या खाली रस्त्यावर मोठं झाड पडलं होतं, गाडी त्याने तिथेच सोडली होती. पायात शहरातले चकचकीत बूट, ते आता चकचकीत नव्हते. त्याने टबात बोट बुडवलं. बोट बाहेर काढून रुमालाने पुसलं.

“मेन्ना,” तो म्हणाला, “तू खूप प्रयत्न केलास.”

मेन्नाचा चेहरा मी पाहिला. छत्तीस वर्षांत ती माझ्यासमोर दोनदा रडली आहे, आणि ही तिसरी खेप असं मला वाटलं. पण तिने डोक्याला स्कार्फ बांधला, दार उघडलं आणि टेकडी उतरून सरळ चॅपेलकडे चालायला लागली. मी आर्वेलबरोबर टबाशेजारी उभा राहिलो. आम्ही दोघं हवामानाबद्दल बोललो. दोघांचंही त्याबद्दल मत वाईट होतं.

अर्ध्या तासाने ट्रॅक्टरचा आवाज आला. इडवल चालवत होता, मागच्या ट्रॉलीत मेन्ना, आणि तिच्या शेजारी चॅपेलचे चहाचे दोन मोठे पिंप मांडीला लावून डिलिस. ते पिंप गॅसवर चालतात.

“किती उकळतं पाणी लागेल?” डिलिसने उतरायच्या आधीच विचारलं.

आणि मग, वाचकहो, माझा क्षण आला. खोऱ्यात माणसं पुष्कळ आहेत, मेंढी फिरवणारी आहेत, उंच सुरात गाणारी आहेत. पण बाराशे लिटर पाणी सव्वीस अंशांवरून अडतीसवर न्यायचं, तर किती काढायचं आणि किती उकळतं ओतायचं, हे उभ्या उभ्या सांगणारा एकच होता. परवान्याचा कागद उलटा करून मी गणित मांडलं. आयुष्यभर मी आकडे मांडले ते काहीतरी होऊ नये म्हणून. आज पहिल्यांदा काहीतरी व्हावं म्हणून मांडत होतो.

“दोनशे चाळीस लिटर बाहेर काढा,” मी म्हणालो. “दोनशे चाळीस उकळतं आत. वाटेत थोडं निवेल ते धरलंय, त्याहून निवू द्यायचं नाही!”

“ऐकलंत?” डिलिस कडाडली. “टब-गोरोन काय म्हणतोय ते ऐकलंत ना? चला!”

त्या नावाचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

खोऱ्यातल्या तीनही घरांच्या चुली पेटल्या. पोस्टमनने टपाल बाजूला ठेवलं, चॅपेलचे गाणारे खालून चालत आले. इडवलच्या बायकोने मोठमोठी पातेली चढवली, दुधाचे जुने कॅन बाहेर निघाले, त्यांना घोंगड्या गुंडाळल्या. इडवल चॅपेल ते हावोद, हावोद ते चॅपेल अशा खेपा मारू लागला. आर्वेल मधे उभा राहून म्हणाला, “अहो, पण हे असं काही चालायचं—”

डिलिस थांबली. “आर्वेल,” ती म्हणाली, “रविवारच्या शाळेत तू माझ्या वर्गात होतास तेव्हाही उभाच राहायचास. उचल ती बादली.”

चेस्टरमधले निम्मे लोक ज्याच्यापुढे तोंड उघडतात, त्या माणसाने तोंड मिटलं आणि बादली उचलली. पहिल्या खेपेला तो नाराज होता. तिसऱ्या खेपेला त्याने कोट काढला. पाचव्या खेपेला तो पोस्टमनवर ओरडत होता, “झाकण लाव, झाकण! वाफ जातेय सगळी!”

टबाच्या काठाशी डिलिस जॅमचा तापमापक घेऊन उभी होती. मुरंब्याला पाक आला का ते बघायचा तो लांब दांड्याचा काचेचा.

“एकोणतीस!”

“ओता!”

“बत्तीस! गोरोन, तू ढवळत का नाहीस?”

मी वल्ह्याने ढवळत होतो. माझ्या अंगावर कार्यालयातल्या निरोप-समारंभाचा कोट होता, कारण मी पाहुण्यांच्या स्वागतासाठी म्हणून तो घातला होता.

“चौतीस!”

चार वाजून पाच मिनिटांनी चौघीजणी चॅपेलपाशी पोचल्या. गाडी झाडाच्या अलीकडे, सामान हातात, वरून पाऊस. बेरिल काठी टेकत पुढे. तिने पाहिलं, की चॅपेलच्या दारातून माणसं किटल्या घेऊन पळत बाहेर येताहेत, ट्रॉलीत चढवताहेत आणि पुन्हा आत पळताहेत.

“आग लागली का कुठे?” तिने विचारलं.

“नाही बाई, विझली,” इडवल म्हणाला. “तुमचंच पाणी आहे. बसा वर.”

शेवटच्या खेपेला ट्रॉलीत चार कॅन उकळतं पाणी होतं आणि गवताच्या भाऱ्यांवर बसलेल्या चार निवृत्त बसचालक होत्या. हावोदच्या चढावर बेरिल इडवलला ओरडून सांगत होती, “दुसरा गिअर! दुसरा टाका! इथे तिसरा घेतलात तर बंद पडेल!” इडवलने आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. त्याने दुसरा टाकला.

शेवटचा कॅन ओतला. डिलिसने तापमापक बुडवला. काच डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, चष्मा वर केला.

“साडेअडतीस,” ती म्हणाली. “जॅम होणार नाही, पण माणसं होतील.”

काय आरोळी उठली! आमचं खोरं इंग्लंडविरुद्धची मॅच जिंकल्यावर ओरडतं, पण तेव्हा घरात बसून ओरडतं. हे उघड्यावर होतं. मेन्नाने माझा ओला कोट पकडून मला सगळ्यांदेखत मिठी मारली, आणि पोस्टमनने नजर वळवून डोंगराकडे बघितलं.

बायका आत गेल्या, कपडे बदलून आल्या. सगळे पुरुष शिष्टाचार म्हणून भिंतीपलीकडे गेले. बेरिलने नवा गुडघा हळूच पाण्यात घातला, मग दुसरा, मग गळ्यापर्यंत खाली गेली आणि डोळे मिटून एक सुस्कारा सोडला. तो आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू आला. आर्वेलने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं शेवाळ खरवडत राहिलो. काही वेळा न बोलण्यात फार मजा असते.

मग पाऊस थांबला. ढग बाजूला झाला आणि सगळा डोंगर, ओला, चमकत, अंगणावर वाकून उभा राहिला. टबातली एकजण गुणगुणायला लागली. बस चालवताना म्हणायचं काहीतरी जुनं गाणं. दुसरीने उचललं. भिंतीपलीकडून इडवलने खालचा सूर लावला, कारण सूर मोकळा पडलेला त्याला बघवत नाही. बघता बघता पाण्यात चौघी आणि भिंतीपलीकडे आम्ही अकराजण गात होतो. दुसऱ्या कडव्याला डिलिसने सगळ्यांना थांबवलं.

“टबातल्या डावीकडच्या दोघी,” ती म्हणाली, “तुम्ही वरचा सूर घेताय. खालचा घ्या. छातीतून. पुन्हा!”

त्यांनी पुन्हा घेतलं. यावेळी बरोबर आलं.

दर वीस मिनिटांनी एक किटली ओतत आम्ही साडेसहापर्यंत तापमान धरून ठेवलं. मग टबाने आपण होऊन ‘हुं’ केलं, बुडबुडे उसळले, आणि खाली खोऱ्यात घराघरांत दिवे लागले. “बंद करा ते बुडबुडे!” बेरिल म्हणाली. “गाणं ऐकू येत नाही!”

चौघी मंगळवारी गेल्या. जायच्या होत्या सोमवारी. बेरिल काठी विसरली, आणि ते तिच्या लक्षात आलं चॅपेलपर्यंत चालत गेल्यावर. डिलिसने दिलेली ‘बारा ब्रीथ’ची, म्हणजे आमच्याकडच्या मनुका घातलेल्या गोड पावाची, किलोभर वजनाची लादी मात्र विसरली नाही. गाडीच्या खिडकीतून ती मला म्हणाली, “तीस वर्षं मी लोकांना नेऊन सोडलं. मला कुणी असं आणलं नव्हतं.” मी यावर काहीतरी उत्तर तयार केलं, पण तोवर ती गेली होती. त्या आठवड्यात वुल्व्हरहॅम्प्टनहून सहा फोन आले. सगळे बस डेपोतले.

आर्वेलही मंगळवारपर्यंत राहिला. तीन दिवस तो रोज संध्याकाळी, चौघी जेवायला आत गेल्या की, टबात बसायचा आणि बाहेर आला की आईच्या हातच्या सूपची आठवण काढायचा. निघायच्या दिवशी सकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात आला. बूट हातात, वाळून कडक झालेले. मेन्ना चुलीपाशी होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “विकायचं राहू दे.”

“बरं,” मेन्ना म्हणाली, आणि पाठमोरी उभी राहून रिकामं पातेलं बराच वेळ ढवळत राहिली.

मग आर्वेलने घसा साफ केला. “गोरोन,” तो म्हणाला, “पुढच्या ऑगस्टचा पहिला आठवडा... बायको-मुलांसकट आम्ही चौघं यायचं म्हणतोय. मोकळा आहे का?”

मी चष्मा पुसला. कपाटातून कालच आणलेली बुकिंगची जाडजूड वही काढली, आतली बहुतेक कोरी पानं त्याला दिसणार नाहीत अशी उघडली, आणि भुवया चढवल्या.

“ऑगस्ट ना?” मी म्हणालो. “बस, बस. बघावं लागेल.”

आणि सावकाश, फार सावकाश, मी पहिलं पान उलटलं.